कमोडोरच्या कारभाऱ्यांनी अमिगाची सात वर्षे कशी घालवली

प्रश्न असा आहे: १९८५ मध्ये सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे असलेला कमोडोर कंपनीचा अमिगा संगणक नऊ वर्षांत संपला. आयबीएम-सुसंगत पीसीच्या लाटेत तो कोणाच्याही हाती असता तरी संपलाच असता, की कंपनीच्या वरिष्ठांनी त्याचा घात केला? मी अमिगावर प्रोग्रॅमिंग शिकलो, त्यावर पोटापाण्याचे काम केले आणि आजही ही यंत्रे दुरुस्त करतो. पुढची बरीच वर्षे हार्डवेअर उत्पादनांच्या नियोजनात गेल्यामुळे चिप आणि ताळेबंद अशा दोन्ही अंगांनी या प्रश्नाकडे पाहण्याची मला सवय आहे. माझे उत्तर असे की पीसीची लाट खरी होती आणि कार्यालयांच्या बाजारात अमिगाचा निभाव लागला नसता. परंतु १९८५ ते १९९२ या सात वर्षांत यंत्राचा चित्र-ध्वनीचा गाभा जवळजवळ जागच्या जागी राहिला, आणि तो तसा राहण्याचे कारण बाजारात शोधण्याची गरज नाही. ते कंपनीच्या संचालक मंडळात सापडते.

मुळात हाती काय आले होते, ते आधी पाहू. अटारी कंपनीसाठी खेळयंत्रांच्या आणि घरगुती संगणकांच्या चिप घडवणारे जे मायनर यांनी कॅलिफोर्नियातील एका छोट्या कंपनीत मोटोरोला ६८००० प्रोसेसरभोवती नव्या यंत्राची रचना केली. अग्नस, डेनिस आणि पॉला या तीन चिप चित्र, ध्वनी आणि डिस्क यांचे काम परस्पर उरकत, त्यामुळे प्रोसेसर मोकळा राही. सोबत कार्ल सॅसनराथ यांनी लिहिलेला मल्टिटास्किंगचा गाभा होता, आणि तो अवघ्या २५६ किलोबाइट मेमरीच्या यंत्रात अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवीत असे. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगाचे अनावरण झाले तेव्हा त्याची किंमत १,२९५ डॉलर होती. ४,०९६ रंग, चार ध्वनिवाहिन्या आणि खरे मल्टिटास्किंग या किमतीला देणारा दुसरा संगणक तेव्हा बाजारात नव्हता. पहिल्या अमिगा १००० चे झाकण उघडले की आतल्या बाजूला ते घडवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या दिसतात आणि त्यांतच मायनर यांच्या मिची या कुत्रीच्या पंजाचा ठसाही आहे. असे यंत्र बनवणारी माणसे त्याच्याकडे कशा नजरेने पाहत होती, हे त्या झाकणावरून कळते.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की ही कंपनी विकत घेण्याचा निर्णय कमोडोरच्या याच वरिष्ठांचा होता आणि तो उत्तम होता. मायनर यांच्या कंपनीची १९८४ मध्ये पैशांसाठी ओढाताण चालली होती. अटारीकडून घेतलेले ५ लाख डॉलर जूनअखेर परत करता आले नसते, तर तंत्रज्ञानच हातचे गेले असते. कमोडोरने पैसे पुरवले आणि ऑगस्टमध्ये सगळी कंपनीच घेतली. म्हणजे दूरदृष्टी अजिबात नव्हती असे नाही. जे हाती आले ते पुढे वाढवायचे असते, एवढीच गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी बसली नाही.

यामागे कमोडोरची मालकी कशी होती ते आहे. अध्यक्ष अर्व्हिंग गूल्ड हे कॅनडातील भांडवलदार. १९६० च्या दशकात कंपनी बुडता बुडता त्यांच्या पैशावर तरली आणि तेव्हापासून तिच्या नाड्या त्यांच्या हाती होत्या. कंपनीची नोंदणी बहामाजमध्ये होती, प्रत्यक्ष कामकाज पेन्सिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टरहून चाले आणि गूल्ड बहुतेक काळ तिसऱ्याच ठिकाणी असत. संस्थापक जॅक ट्रॅमिएल कठोर होते, पुरवठादारांना आणि विक्रेत्यांना त्यांचा जाच होता, परंतु त्यांना संगणकाचा धंदा कळत होता. गूल्ड यांच्याशी बिनसल्यावर जानेवारी १९८४ मध्ये ते बाहेर पडले. पुढच्या दहा वर्षांत कमोडोरचे मुख्याधिकारी एकामागून एक बदलले, गूल्ड मात्र शेवटपर्यंत तिथेच होते.

यातला थॉमस रॅटिगन यांचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. पेप्सिको कंपनीतून आलेल्या रॅटिगन यांनी १९८६ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा कंपनी मोठ्या तोट्यात होती. त्यांनी खर्च आवरला, बँकांना धीर दिला आणि अमिगाचे दोन भाग केले: घरासाठी स्वस्त ५०० आणि व्यावसायिकांसाठी विस्तारयोग्य २०००. ही विभागणी इतकी अचूक होती की अमिगाच्या नंतरच्या सगळ्या यशाचा पाया तीच ठरली. कंपनी नफ्यात आली, आणि एप्रिल १९८७ मध्ये, ५०० दुकानांत पोहोचण्याच्या सुमारास, रॅटिगन यांना काढून टाकण्यात आले. त्यांना सुरक्षारक्षकांनी इमारतीबाहेर नेऊन सोडले. करारभंगाचा दावा लावून ते पुढे जिंकले, पण कंपनीच्या दृष्टीने जे जायचे ते गेले होते. जो माणूस कंपनी सावरतो त्यालाच अध्यक्ष घालवू शकतो, हे आत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले. त्यानंतर वरच्या पदावर कोणीही आला तरी त्याचे लक्ष बाजाराकडे कमी आणि गूल्ड यांच्या मर्जीकडे जास्त राहणार, हे ठरून गेले.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ती सात वर्षे.

१९८२ चा कमोडोर ६४ हा अतिशय यशस्वी संगणक होता आणि तो जवळजवळ काही न बदलता, केवळ उत्पादनखर्च कमी करत करत, दशकाहून अधिक काळ विकला गेला. माझे मत असे आहे की अमिगाच्या दुर्दैवाची सुरुवात या यशातून झाली. वरिष्ठांनी त्यातून एवढाच बोध घेतला की चांगले यंत्र एकदा तयार झाले की पुढे फक्त ते स्वस्तात बनवायचे असते. ६४ चे बहुतेक ग्राहक त्यावर खेळ खेळत होते आणि त्यांना तेच यंत्र तसेच्या तसे हवे होते. अमिगाचा ग्राहक वेगळा होता. त्यावर चित्रे काढणारे, चित्रफिती संपादित करणारे, संगीत रचणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे लोक पुढच्या यंत्राच्या भरवशावर आज पैसे आणि वर्षे गुंतवत होते. त्यांना विकलेल्या प्रत्येक यंत्रात पुढच्या यंत्राचे वचन गृहीत होते. ते वचन पाळायचे तर विक्री जोरात असतानाच त्यातला पैसा नव्या चिपवर लावावा लागतो. तसे न करता नफा वाटून टाकणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे होय, आणि कमोडोरमध्ये वर्षानुवर्षे तेच चालले.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. १९८५ चा अमिगा साध्या पद्धतीत पडद्यावर एका वेळी ४,०९६ पैकी निवडलेले ३२ रंग दाखवी. आयबीएमने १९८७ मध्ये पीसीसाठी व्हीजीए हे चित्रतंत्र आणले आणि ३२० गुणिले २०० बिंदूंच्या पडद्यावर २,६२,१४४ रंगांतून निवडलेले २५६ रंग एकदम दाखवले. त्या वर्षी व्हीजीएचा संगणक महाग होता, त्यामुळे अमिगाला उत्तर द्यायला अजून दोन-तीन वर्षे मिळाली होती. १९९० मध्ये अमिगा ३००० आला. त्यात ३२ बिटचा ६८०३० प्रोसेसर, हार्ड डिस्कसाठी वेगवान स्कझी जोडणी आणि नव्याने लिहिलेली सुरेख ऑपरेटिंग सिस्टिम होती. अभियंत्यांनी त्यात जीव ओतल्याचे आजही जाणवते. पण चित्रचिप थोड्याफार सुधारलेल्या जुन्याच होत्या आणि रंगपेटी तीच ४,०९६ ची. पूर्णपणे नव्या पिढीच्या, एएए नावाच्या चिपसंचाचे काम १९८८ मध्ये सुरू झाले होते. मनुष्यबळ आणि पैसा यांच्या ओढाताणीत ते रखडत गेले. १९९४ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा त्याचे चाचणीबोर्ड तेवढे तयार होते.

अखेर १९९२ मध्ये एजीए नावाच्या मधल्या टप्प्याच्या चिप बाजारात आल्या आणि अमिगा १२०० व ४००० वर २५६ रंग दिसू लागले. तरीही ध्वनीची चिप होती ती १९८५ ची पॉलाच: चार वाहिन्या, आठ बिट. याचा परिणाम किती खोलवर गेला होता, हे ४००० च्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये पाहावे. डिस्क वाचण्याचे कामही पॉलाकडेच असे, आणि जास्त घनतेच्या डिस्कवरून दुप्पट वेगाने येणारी माहिती तिला झेपत नसे. म्हणून कमोडोरने त्या यंत्रात असा ड्राइव्ह बसवला, की जास्त घनतेची डिस्क घातली की तो नेहमीच्या मिनिटाला ३०० फेऱ्यांऐवजी १५० फेऱ्यांनी फिरतो. हा ड्राइव्ह दुरुस्तीला आला की डिस्क घालून त्याचा मंद घूंघूं आवाज ऐकावा. पीसीवर तीच डिस्क पूर्ण वेगाने चालते. इथे कंपनीचे सर्वांत महाग यंत्र एका सात वर्षे जुन्या चिपसाठी स्वतःचा वेग निम्मा करते. ही युक्ती शोधणाऱ्या अभियंत्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्या हातात दुसरे काही दिलेच नव्हते.

१९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत जे घडले त्याला मात्र दुर्लक्ष म्हणता येणार नाही, तो उघड नुकसानकारक कारभार होता. मेहदी अली हे तेव्हा कंपनीचे प्रमुख व्यवस्थापक होते. त्यांची पार्श्वभूमी वित्तक्षेत्राची होती. त्यांनी अभियांत्रिकी विभागावर बिल सिडन्स यांना नेमले. हे गृहस्थ पूर्वी आयबीएममध्ये पीसीज्युनियर या फसलेल्या संगणकाच्या कामात प्रमुख होते. १९९१ मध्ये कमोडोरचे अभियंता डेव्ह हेनी आणि सहकाऱ्यांनी अमिगा ३००० प्लसचा नमुना चालता केला होता. त्यात एजीए चिप होत्या आणि सोबत ध्वनीसाठी डीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसरही होता. तो प्रकल्प रद्द झाला. एजीएचे यंत्र जवळजवळ वर्षभर लांबले, आणि जे ४००० आले त्यात डीएसपी तर नव्हताच, ३००० मध्ये असलेली स्कझीदेखील काढून स्वस्त आयडीई जोडणी बसवलेली होती.

त्याच काळातला दुसरा निर्णय अमिगा ६०० चा. मूळ कल्पना ५०० पेक्षाही स्वस्त, छोटे यंत्र काढावे अशी होती. प्रत्यक्षात ६०० बनवायला अधिक खर्च येऊ लागला, त्याला अंकांचा कीपॅड नव्हता, ५०० साठी लोकांनी घेतलेली बाजूची विस्तारसामग्री त्याला लागत नव्हती, आणि चित्रक्षमता जुन्याच पातळीची होती. ते विकले जावे म्हणून चांगला खप असलेली ५०० ची मालिका बंद करण्यात आली. मार्च १९९२ मध्ये ६०० आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १२०० जाहीर झाला. ज्यांनी उन्हाळ्यात ६०० घेतला त्यांना काही महिन्यांतच आपण मागच्या पिढीचे यंत्र घेतल्याचे कळले, आणि ज्यांना नाताळात १२०० हवा होता त्यांना पुरेशी यंत्रे मिळाली नाहीत, कारण पैसा आणि सुटे भाग ६०० मध्ये अडकले होते. उत्पादन-नियोजनात याहून वाईट क्रम मी पाहिलेला नाही. त्या काळात गूल्ड आणि अली या दोघांचेही वार्षिक वेतन १० लाख डॉलरच्या पुढे गेले होते.

या सगळ्यात अमिगाभोवती जमलेल्या लोकांचे काय झाले, हा प्रश्नाचा दुसरा भाग आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. कंपनीने जे करायला हवे होते त्यातले बरेचसे हे लोक आपणहून करत होते. फ्रेड फिश यांनी मुक्तपणे वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हजाराहून अधिक डिस्क संकलित केल्या. त्या हातोहात नकलून देशोदेशी पोहोचल्या, आणि माझ्यासारख्या कित्येकांनी दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचून शिकण्याची सुरुवात त्यांवरूनच केली. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील विद्यार्थ्यांनी अमिनेट हे सॉफ्टवेअरचे भांडार उभारले. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये न्यूटेक या कंपनीने १९९० मध्ये अमिगा २००० साठी व्हिडिओ टोस्टर हे चित्रफिती मिसळण्याचे व सजवण्याचे कार्ड काढले आणि छोट्या स्टुडिओंना तोवर परवडणे शक्य नसलेले दूरचित्रवाणीचे काम अमिगावर होऊ लागले. कमोडोरला एक मोठा, पैसे मोजणारा व्यवसाय तयार मिळाला होता आणि तो त्यांनी स्वतः शोधलेलाही नव्हता. शहाण्या व्यवस्थापनाने न्यूटेकच्या गरजा विचारून पुढचे यंत्र आखले असते. तसे झाले नाही, आणि न्यूटेकने शेवटी आपले काम पीसीकडे नेले.

लोकांचा विश्वास एका दिवसात उडाला नाही. सुरुवातीला सॉफ्टवेअर कंपन्यांनी नवी आवृत्ती अमिगासाठी सहा महिने उशिरा काढली, मग काढणेच सोडले. विक्रेत्यांना सुटे भाग मिळेनात आणि पुढे काय येणार हे विचारले तर उत्तर मिळेना. वापरणाऱ्यांनी प्रोसेसर कार्ड, चित्रकार्ड आणि ध्वनिकार्ड तिसऱ्याच उत्पादकांकडून घेऊन यंत्र जिवंत ठेवले. पण प्रत्येकाची जोडणी निराळी झाल्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळ्यांसाठी समान असा आधार उरला नाही. तो समान आधार देणे हे केवळ मूळ कंपनीलाच शक्य असते. तीच गप्प बसली की निष्ठावान लोकांची मेहनतसुद्धा यंत्राचे तुकडे पाडते, हे मला तेव्हा कळले नव्हते. पुढे उत्पादने आखताना कळले.

आतल्या माणसांना हे फार लवकर कळले होते. सिस्टिमच्या १.२ आवृत्तीत कळांची विशिष्ट जुळवणी दाबून डिस्क आत-बाहेर केली की पडद्यावर क्षणभर एक लपवलेला संदेश चमकून जाई: अमिगा आम्ही घडवला, त्यांनी त्याची वाट लावली. मूळ इंग्रजी शब्द याहून पुष्कळ तिखट आहेत. १९८६ च्या सुमारास, म्हणजे यंत्र बाजारात येऊन दीड वर्षही झाले नसताना, घडवणाऱ्यांनी हे लिहून ठेवले होते.

शेवटची दोन वर्षे लवकर सांगून होतील. जून १९९३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला ३५ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. उरलेला भरवसा सीडी३२ या खेळयंत्रावर होता. सप्टेंबर १९९३ मध्ये ते युरोपात आले आणि बरे विकले जाऊ लागले. परंतु पडद्यावर कर्सर दाखवण्याच्या एका साध्या पद्धतीच्या पेटंटवरून कमोडोर अमेरिकेत खटला हरली होती, ठरलेली रक्कम भरली नव्हती, आणि त्यामुळे तिला आपला माल अमेरिकेत आणता येईना. फिलिपाईन्समधील कारखान्यात यंत्रे पडून राहिली. त्याच डिसेंबरमध्ये पीसीवर डूम हा खेळ आला. अमिगाच्या चित्रमेमरीत एका बिंदूचा रंग आठ वेगवेगळ्या थरांत विभागून ठेवलेला असतो. सरकत्या पार्श्वभूमीच्या खेळांना ही रचना उत्तम, पण डूमसारख्या खेळाला प्रत्येक बिंदू सुटा सुटा रंगवावा लागतो आणि तिथे ती पायांत बेडी होते. एएएमध्ये याचा उपाय आखलेला होता. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने अवसायनाची, म्हणजे कंपनी गुंडाळण्याची, घोषणा केली. जे मायनर त्याच वर्षी २० जूनला वारले.

मग पीसीपुढे अमिगा टिकलाच असता का? हिशेबनीस आणि लिपिकांच्या टेबलावर नाही. तो बाजार १९८५ च्या आधीच गेला होता. स्वस्त पीसीच्या उत्पादकांची संख्या इतकी होती की केवळ किमतीत त्यांच्याशी एकट्या कंपनीला लढता आले नसते. पण व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन आणि संगीत या क्षेत्रांत ॲपलने छपाईच्या व्यवसायात जशी जागा धरून ठेवली, तशी जागा अमिगाला मिळू शकत होती, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी १९८९-९० मध्ये २५६ रंगांच्या चिप, १६ बिट ध्वनी आणि न्यूटेकसारख्यांशी पक्के नाते एवढे हवे होते. यातले काहीही त्या काळच्या तंत्रज्ञानाबाहेरचे नव्हते.

कंपनी बुडाल्यावरही नुकसान थांबले नाही. हक्क कोणाकडे जाणार याचा निकाल लागायला जवळजवळ वर्ष गेले, आणि त्या वर्षात नवी यंत्रे बनत नव्हती व सॉफ्टवेअर लिहिणारे दुसरीकडे निघून जात होते. १९९५ मध्ये एस्कॉम या जर्मन कंपनीने मालमत्ता घेतली, पुढच्याच वर्षी तीही दिवाळखोरीत गेली. १९९७ मध्ये हक्क गेटवे या अमेरिकी संगणक कंपनीकडे गेले, मग नाव एकाकडे, सिस्टिम दुसऱ्याकडे आणि जुन्या रॉमचे, म्हणजे यंत्रातल्या चिपमध्ये कायम साठवलेल्या प्रोग्रॅमचे, हक्क तिसऱ्याकडे अशी फाटाफूट झाली व तिच्यावरून वर्षानुवर्षे खटले चालले. आज माझ्याकडे ४००० आला की मी आधी बोर्डावरची निकेल-कॅडमियमची बॅटरी पाहतो. ती गळून आजूबाजूचे तांब्याचे मार्ग हिरवे पडलेले असतात आणि बारीक तारा डकवून ते एकेक जोडावे लागतात. असे बोर्ड वाचवण्याची माहिती, बदली बोर्डांचे नकाशे आणि नवी प्रोसेसर कार्डे हे सगळे वापरणाऱ्यांनीच उभे केले आहे. २०२१ मध्ये मूळ ६८००० वरसुद्धा चालणारी सिस्टिमची ३.२ आवृत्ती आली, तेव्हाही तिच्यावरील हक्कांचा वाद न्यायालयात चालूच होता.